कडी आतून

पळस्पे फाटा मागे पडतो. गोव्याकडे निघालेल्या ट्रकांच्या रांगेतून एस.टी. कशीबशी बाजूला होते आणि शिरढोणला थांबते. सकाळचे साडेदहा, पण डांबर आताच तापलंय. कर्नाळ्याचा सुळका उन्हात धुरकट दिसतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. बाहेरचे लोक येतात ते बहुधा त्यांच्यासाठी. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाले आहे.

घरावर पाटी नाही. मानसिक आजारातून सावरणाऱ्या बायांच्या अशा घरांवर ती मुद्दामच लावत नाहीत. किराणा दुकानात विचारते. "पाच बायांचं ना? जास्वंदीच्या कुंपणाचं," तराजूवरची नजर न काढता दुकानदार सांगतो.

पडवीत चपला पडल्या आहेत. दाराला कडी आहे, आतून. बाहेरच्याने वाजवायची आणि वाट बघायची. आतल्या तिघींनी मनोरुग्णालयात बरीच वर्षं काढली आहेत. तिथे वॉर्डाचं कुलूप बाहेरून असतं.

"म्हावरा घ्या, म्हावरा!" कोळीण पाटी उतरवते आणि पडवी भरते. पाटीत बांगडे, बोंबील. सगळ्यांत वयस्क काकी उकिडव्या बसतात, बांगड्याचा कल्ला उघडून बघतात. बोटं थरथरतात, वर्षानुवर्षांच्या गोळ्यांची ती खूण. नजर मात्र पक्की.

"कालचा हाय."

"आजचा हाय गो बाय, पहाटंचा! करंजाचा."

एकीला बोंबील हवेत. एक मासे खात नाही. तिची भाषा इथे कोणालाच पुरती कळत नाही, ती बटाट्याच्या टोपलीकडे बोट दाखवते. सोबतीला असणारी ताई पायरीवर गप्प बसली आहे. भाव करायचा मोह तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. पण न बोलणं हाच तिच्या कामातला अवघड भाग. काकी वीस रुपये कमी करून घेतात, वर एक बांगडा जास्त. कोळीण कुरकुरत पाटी उचलते.

बारानंतर पत्रा तडतडायला लागतो. पंखा गरम वारा खाली ढकलतो. जेवणं झाली की गोळ्यांचे खणांचे डबे निघतात, जिच्या तिच्या नावाचे. प्रत्येकीचा पेला वेगळ्या रंगाचा. ताई पाण्यासाठी मागे लागते, आणि ते उगाच नाही. थरथर कमी व्हावी म्हणून दिलेली गोळी घामही कमी करते, मग अंग तापतं. लिथियम घेणारीच्या शरीरातलं पाणी घटलं, तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. मे महिन्यात या घरात माठ दोन असतात.

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून उभं आहे, 1850 खाटांचं. इथे पाच. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 19 सांगतं, की कुटुंब नाही किंवा कुटुंब घरी नेत नाही, एवढ्याच कारणासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कलम सापडतं, भाड्याने घर द्यायला तयार असलेला मालक सापडायला वेळ लागतो.

दुपारी बहुतेकजणी आडव्या होतात. एक जण कोपऱ्याकडे तोंड करून कोणाशीतरी हळू आवाजात भांडते आहे. तिला कोणी गप्प करत नाही. टीव्हीचा आवाज तेवढा वाढतो.

चारचा चहा. आज पातेलं कोणी घासायचं यावरून खणखणीत वाद. मग उद्याची तयारी. दोघींना पनवेलला सरकारी दवाखान्यात जायचंय. केसपेपरच्या खिडकीवर सकाळपासून रांग लागते, नंतर डॉक्टरांच्या दारापुढची बाकडी. पाच मिनिटांच्या भेटीसाठी अर्धा दिवस. फायली प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात. आधारकार्ड, जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचा रिपोर्ट.

"गाडीत खिडकीशी मी बसणार," धाकटी म्हणते.

"मागच्या वेळी तूच बसलीस."

"मग वडापाव तुम्ही घ्या दोन."

काकींना हे मान्य नाही. वडापाव दोघींना दोन-दोन, आणि खिडकीही त्यांचीच.