खुडूक कोंबडीखाली अंडी पारखूनच ठेवा



बेणे निवडताना खराब डोळ्याची कांडी आपण बाजूला टाकतो. उबवायची अंडीही तशीच पारखावीत. पातळ कवचातून ओल लवकर उडते नि आतला जीव सुकतो. तडकलेल्या अंड्यात जंतू शिरतात. ते कुजून फुटले की शेजारची चांगली अंडीही नासतात अन् कोंबडीचे 21 दिवस फुकट जातात. फार लांबट किंवा अगदी गोल अंड्यातून पिल्लू कमीच निघते. अंडी थोडीच असतील तर किंचित सुरकुतलेले, पण टणक अंडे ठेवून बघा. सातव्या रात्री ते बॅटरीच्या उजेडावर धरा. लाल शिरा दिसल्या नाहीत तर काढून टाका. कवच वरचेवर पातळ येत असेल, तर कोंबडीला शिंपल्याचा चुरा चारा.