छत गळतंय, भाडं कोण भरणार?

दुरुस्ती : उज्जैनमधल्या अशा तंट्यांचा आधार म्हणजे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. पाणी, वीज तोडून भाडेकरूला बेजार करायला मनाई.

भाडेकपात : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १०८. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने नोटिशीनंतरही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. त्यामुळे नोटिशीची पोच आणि गवंड्याची पावती फार मोलाची. महाराष्ट्रात (कायदा १९९९चा) नोटीस किमान १५ दिवसांची, वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच.

पाहणी : केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्यानुसार मालकाने २४ तास आधी कळवायचं. राज्याने स्वीकारला तरच तो लागू.

घर धोकादायक असल्यास : दुरुस्तीसाठी मालक ते रिकामं करून मागू शकतो; काम झाल्यावर परत येण्याचा हक्क भाडेकरूला मागता येतो.