डोंबिवलीत घर घेताय? नुसता महारेरा नंबर पाहून टोकन देऊ नका

लोकल स्टेशनपासून दहा मिनिटांवर, बजेटमधला वनबीएचके आणि जाहिरातीच्या कोपऱ्यात महारेरा क्रमांक. ठाण्यापुढे घर शोधणाऱ्यांना आणखी काय हवे? पण कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींकडेही हा क्रमांक होता. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून तो मिळवल्याचे नंतर उघड झाले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचे आदेश दिले, तेव्हा अनेक कुटुंबे तिथे राहत होती. कित्येकांचे गृहकर्जाचे हप्तेही सुरू होते.

हे कसे घडले?

नोंदणीसाठीची कागदपत्रे विकासकच ऑनलाइन भरतो. इथे ती मूळ कागदपत्रेच खोटी होती. या प्रकरणानंतर परवानग्यांची महापालिकेकडून खातरजमा करून घेण्याची पद्धत महारेराने आणली. तरी जुन्या प्रकल्पात किंवा रिसेलमध्ये घर घेताना हे काम तुम्हालाच करावे लागेल.

मग तपासायचे काय?

महारेराच्या संकेतस्थळावरून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजेच सीसी, डाउनलोड करा. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन थेट महापालिकेच्या नगररचना विभागात जा. परवानगी खरी आहे का आणि किती मजल्यांची आहे, हे तिथल्या नोंदीवरूनच कळते. दाद मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्धा दिवस रजा पडेल. वीस वर्षांच्या कर्जापुढे ती काहीच नाही. सीसीवरचा सर्व्हे नंबर सातबाऱ्याशी जुळतो का, हेही पाहा. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मागा. ‘ओसी प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर वर्षानुवर्षे चालते.

वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती दाखवून कुणी इमारत अधिकृत असल्याचे सांगितले, तर विश्वास ठेवू नका. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो.

टोकन किती द्यायचे?

‘आज बुक करा, उद्या रेट वाढेल’ हे एजंटचे ठरलेले वाक्य. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार, नोंदणीकृत करारनामा होण्याआधी विकासक घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ४० लाखांच्या घरासाठी ही मर्यादा ४ लाख होते. त्याहून जास्त किंवा रोख रक्कम मागितली, तर व्यवहार तिथेच थांबवा.