हिरवा दगड ओळखा, पण पाण्यात टाकू नका

रत्नांच्या प्रदर्शनात गडद-फिकट हिरव्या वलयांचा एक दगड हमखास लक्ष वेधून घेतो. हा मॅलाकाइट. काही विक्रेते त्याला ‘पाचूसारखाच’ म्हणतात; पण पाचूशी त्याचं नातं फक्त रंगाचं. मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. त्याच्या वजनात सुमारे 57 टक्के तांबंच असतं. रशियातल्या उरल पर्वतातल्या मॅलाकाइटने सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यातलं एक अख्खं दालन सजलं आहे. आज बाजारात येणारा बराचसा माल आफ्रिकेतल्या काँगोचा असतो.

बाजारात प्लास्टिकचे आणि काचेचे नकली मॅलाकाइटही भरपूर आहेत. खरा दगड हातात घेतला की थंड लागतो आणि आकाराच्या मानाने जड वाटतो, कारण तो पाण्याच्या जवळपास चौपट घन असतो. प्लास्टिक हलकं असतं आणि हातात लगेच कोमट होतं. खऱ्या दगडातल्या पट्ट्या कुठे रुंद, कुठे केसाएवढ्या बारीक असतात आणि हिरव्याच्या अनेक छटा एकमेकींत मिसळतात. सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या आणि रंग दोन-तीनच असतील, तर शंका घ्यावी. बिनचकाकीच्या फरशीवर खरा दगड घासला तर फिकट हिरवी रेघ उमटते. आम्लाच्या थेंबाने तो फसफसतो. पण ही चाचणी घरी करू नये, दगडावर कायमचा डाग पडतो.

किंमत ठरते ती नक्षीचा रेखीवपणा, झिलई आणि तडे नसणं यांवर. त्याची कठिणता जेमतेम साडेतीन ते चार, म्हणजे साध्या चाकूनेही ओरखडा उठतो. तडे राळेने भरलेले असतील तर मोल कमी होतं. पाचूचा भाव सांगणाऱ्याकडून तो घेऊ नये.

दगड खरा निघाला, की आरोग्याचा प्रश्न उभा राहतो. ‘रात्री पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी प्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे घरोघरी ठाऊक आहे. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो, म्हणून ते होतं. मॅलाकाइटवर लिंबूपाणी ओतलं तरी तेच घडणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं असू नये. जास्त तांबं पोटात गेलं की मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू होते. फार मोठ्या मात्रेत यकृत आणि मूत्रपिंडालाही इजा होते. विल्सन या आनुवंशिक आजारात शरीराला तांबं पुरेसं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साचतं. अशा रुग्णाला तर हे पाणी मुळीच चालणार नाही, आणि निदान होईपर्यंत आपल्याला हा आजार आहे हे अनेकांना माहीतही नसतं.

दगड घरी कापू किंवा घासू नये. त्याची धूळ श्वासावाटे आत जाते. लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही असा ठेवावा. पुसायला ओलसर मऊ फडकं पुरे. लिंबू, व्हिनेगर नको. झिलई केलेला मॅलाकाइट अंगावर घालायला सहसा काही हरकत नाही. दागिना म्हणून तो सुंदरच आहे. औषध म्हणून मात्र त्याला घरात जागा नाही.