बसथांब्यावरचं अंतर

‘छोटी सी बात’ या चित्रपटाला सुमारे पन्नास वर्षं झाली, आणि आज तो अनेकांना भेटतो तो मोबाइलवरच्या उभ्या तुकड्यांत. आडवी चौकट दोन्ही बाजूंनी छाटली की बसच्या रांगेत एक तर बुजरा नायक अरुण उरतो, नाही तर त्याला आवडणारी प्रभा. कात्रीत सापडतं ते दोघांमधलं अंतर. त्या प्रसंगाचा सगळा अर्थ तर त्या अंतरातच होता. कथा दिग्दर्शक बासू चटर्जींची नव्हती, ती ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६० च्या ब्रिटिश चित्रपटावरून आलेली. तिथल्या टेनिसचं इथे टेबल टेनिस झालं, मोटारीच्या जागी मोटरसायकल आली. तरी दोन चित्रपट पाहिले तर नातं पटकन ओळखू येत नाही, कारण चटर्जींनी बुजरेपणा संवादांतून न सांगता माणसांच्या उभं राहण्यातून दाखवला. रांगेत मागे उभा असलेला अमोल पालेकर, पुढे विद्या सिन्हा, भोवती नोकरीला निघालेली मुंबई. कॅमेरा त्यांच्यात घुसत नाही. हसू येतं ते यामुळे, आणि माणसाची अब्रूही यामुळेच राखली जाते.

हिंदी प्रेमपटांच्या साठच्या दशकातल्या काश्मीरच्या बागा आणि नव्वदीतले स्वित्झर्लंडचे उतार यांच्यावर वेळ घालवावा असं काही नाही. १९७४ ते १९८३ ही वर्षं मात्र वेगळी होती. चटर्जींच्याच ‘रजनीगंधा’त दीपा आणि नवीन मुंबईत टॅक्सीतून जातात. दोघंही गप्प. वाऱ्यानं उडणारा तिचा पदर, त्याचा हात, तिची नजर एवढंच आपल्याला दिसतं. ओठ न हलवता गाणं पार्श्वभूमीला चालू राहतं. मन तिचं आणि आवाज मुकेशचा! पुरुषी आवाजामुळे ते गाणं तिची कबुली ठरत नाही, तिच्याही हाताबाहेरचं काहीतरी ठरतं. तेच तिनं पडद्यावर गायलं असतं तर शंका संपली असती आणि प्रसंगही. सई परांजपे यांनी १९८१ च्या ‘चश्मे बद्दूर’मध्ये हेच तंत्र उलटवलं. तिथे मित्रांच्या प्रेमाच्या थापा जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या थाटात दिसतात, आणि खरं प्रेम साबणाच्या पावडरीच्या प्रात्यक्षिकात अवघडून बसलेलं असतं.

या चित्रपटांना तेव्हा ‘साधे’ म्हणून गौरवलं गेलं. त्या शब्दानं चटर्जींच्या या दोन्ही चित्रपटांचे छायालेखक के. के. महाजन यांच्यावर अन्यायच केला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या, ‘भुवन शोम’ आणि ‘उसकी रोटी’ टिपणाऱ्या माणसाची चौकट अजाणता साधी राहत नसते. पैसा नव्हता म्हणून असं झालं, हा युक्तिवादही टिकत नाही. ‘छोटी सी बात’चे निर्माते बी. आर. चोप्रा होते, आणि धर्मेंद्र-हेमामालिनी त्यात एका गाण्यापुरते येतात. तेही सिनेमागृहाच्या पडद्यावर, आणि अरुण तिथे स्वतःला पाहू लागतो. झगमगाट परवडत होता. तो स्वप्नापुरताच ठेवला गेला.

एक आक्षेप मात्र जड आहे: मुलीच्या मागे मागे जाण्याला या चित्रपटानं गोड रूप दिलं. अरुणला प्रेमाचे धडे देणाऱ्या कर्नल ज्युलिअसच्या क्लृप्त्यांबाबत तो मान्यच करायला हवा. खंडाळ्याहून परतलेला अरुण डावपेच शिकून आलेला असतो, आणि चित्रपटाचा तो भाग आज कमी आवडतो. रस्त्यावरच्या प्रसंगांत मात्र चौकटीत प्रभा असते, आणि मागे कोण येतंय हे तिला ठाऊक असतं. तिचं ओठांत दाबलेलं हसू प्रेक्षकाला दिसतं, अरुणला दिसत नाही. दोघं एकाच चित्रात असल्यामुळेच तिची बाजू कळते. कॅमेरा फक्त त्याच्या डोळ्यांनी पाहत राहिला असता तर हा आक्षेप पुरता खरा ठरला असता.

आजच्या प्रेमपटांत संवाद म्हणजे आळीपाळीनं दोन चेहरे, आणि कधी विरघळायचं ते सांगणारं संगीत. २०१० च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त सतीश राजवाडे यांनी दोन माणसांना पुण्यात दिवसभर एकत्र चालू दिलं, तेव्हा ती जुनी मोकळी जागा पुन्हा दिसली होती. आता मोबाइलच्या उभ्या पट्टीत ‘रजनीगंधा’ची टॅक्सी बसवली की दीपाचा चेहरा तेवढा मावतो. ती कुणाच्या हाताकडे पाहतेय, ते चौकटीबाहेर राहतं.