तळपद्यांचे विमान आणि न उघडलेली पोथी

शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवरून विमान उडवले, ते 1500 फूट वर गेले, पाहायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते. तेही राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी! यवतमाळ असो की पुणे, हा मजकूर मोबाइलवर आला की दोन तट पडतात. एक अभिमानाने भांडतो, दुसरा खिल्ली उडवतो. ज्या पोथीचा आधार सांगितला जातो, ती उघडून पाहणारा दोन्हीकडे विरळा.

ती पोथी म्हणजे भरद्वाज ऋषींच्या नावावर सांगितले जाणारे ‘वैमानिक शास्त्र’.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ती वाचली आणि 1974 मध्ये आपला अभ्यास छापला. त्यांनी टिंगल केली नाही, हे महत्त्वाचे. आधी ग्रंथाचे वय तपासले. भाषा वैदिक नाही, श्लोक पंडित सुब्बराय शास्त्रींनी सांगितलेले, आणि ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही, असे त्यांना आढळले. आकृत्या तर एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने काढलेल्या. मग शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांना भौतिकशास्त्राची कसोटी लावली. वजन किती, ते उचलणारे बल कुठून येणार, पुढे ढकलणार काय? वरची हवा पंख्यांनी ओढून नळ्यांतून खाली सोडण्याची रुक्मची कल्पना त्यांना त्यातल्या त्यात अर्थपूर्ण वाटली, आणि तसे त्यांनी लिहिलेही. पण वर्णनाप्रमाणे चारांपैकी एकही उडू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

याच अभ्यासात तळपदेही भेटतात. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विमानाचे नमुने करून पाहिले, पण एकही उडाला नाही, अशी त्यात नोंद आहे. चौपाटीच्या कथेला एवढा मोठा छेद देणारी ओळ वादात क्वचितच येते.

जानेवारी 2015 मध्ये मुंबईतल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा हा 41 वर्षे जुना लेख पुन्हा चर्चेत आला. मोजक्या पानांचा हा इंग्रजी लेख आता फोनवरही वाचता येतो. अकरावीत न्यूटनचे नियम शिकणाऱ्या यवतमाळच्या किंवा वणीच्या मुलीला त्यातला बराचसा युक्तिवाद समजेल. चौपाटीच्या उड्डाणाची बातमी ‘केसरी’त आली होती, असे कोणी ठासून सांगितले, तर तिने अंकाची तारीख मागावी, जुन्या अंकात ती बातमी शोधता येईल.