आजी-मामांच्या घरी वाढणारी मुले

'दत्तक' म्हटले की अर्थ चटकन कळतो. 'फॉस्टर केअर' म्हटले की बहुतेकांना बोध होत नाही. सरकारी भाषेत याला प्रतिपालकत्व म्हणतात. मूल कायद्याने कायमचे आपले होत नाही, पण घरात असेपर्यंत ते आपलेच मानून वाढवायचे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हे काम बऱ्याचदा नाव न लावताच चालते. आई गेली, वडील आजारात किंवा दारूत बुडाले, की मूल आजीकडे, मामाकडे नाहीतर मावशीकडे येते.

अशा घराचा मुलावर काय परिणाम होतो, याचा एक गाजलेला अभ्यास रुमानियातील बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झाला. संस्थांमध्ये वाढणारी १३६ लहान मुले निवडून त्यांतली निम्मी प्रतिपालक कुटुंबांकडे देण्यात आली. कोण कुठे जाणार हे सोडतीने ठरले. साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबात राहिलेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ८१, तर दुसऱ्या गटाचा सुमारे ७३ आला. जी मुले दोन वर्षांची होण्याआधी घरात आली, त्यांना जास्त लाभ झाला. बातम्यांतून एक गोष्ट सहसा सुटते: या कुटुंबांच्या पाठीशी समाजसेविका सतत होत्या.

आपल्याकडे नेमका तोच दुवा कच्चा आहे. बदलापूरहून सकाळची लोकल पकडणारी मावशी किंवा उल्हासनगरात शिलाईच्या मशीनवर बसणारी आजी दिवसभर कामात असते. मूल मात्र रात्री दचकून उठते, आठ वर्षांचे असून अंथरूण ओले करते, पोळी उशीखाली लपवते, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येते. याला खोडकरपणा म्हणून फटके मिळतात. खरे तर सतत धास्तीत राहिलेल्या शरीराची ती सवय असते. उद्या जेवण मिळेल, सांभाळणारे माणूस परत येईल, याची खात्री पटायला महिने लागतात. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप आणि 'मी सात वाजता येते' म्हटल्यावर खरोखरच सातला येणे, हा यावरचा पहिला उपाय. लोकल उशिरा असेल तर शेजारच्या काकूंना फोन करून तसे मुलाला कळवावे. धास्ती, झोपमोड, चिडचिड महिनोन्महिने टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि थकलेल्या आजीसाठीही तो तितकाच खुला आहे.

पैशाचा प्रश्न वेगळाच. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये प्रतिपालकत्वासाठी ४,००० रुपयांची तरतूद आहे. पात्र मूल १८ वर्षांचे होईपर्यंत मदत मिळू शकते. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड, बँक पासबुक जमवावे लागते, आणि ज्या आजीचा रोज एक खाडा म्हणजे रोजची मजुरी गेली, तिला तहसील कार्यालयाची तिसरी फेरी जड जाते. बदलापूरचे तहसील अंबरनाथला, जिल्ह्याचे ठिकाण ठाणे. इथेच वस्तीचा उपयोग होतो. महिला बचतगट, अंगणवाडीताई, शाळेतल्या बाई यांच्यापैकी कोणी एकदा सोबत गेले, अर्ज लिहून दिला, तरी काम पुढे सरकते. आजी रांगेत असताना दोन तास मूल सांभाळणारा शेजारी हीसुद्धा मदतच.

नात्यात कोणीच नसेल, तर अनोळखी कुटुंबही प्रतिपालक होऊ शकते. २०२४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही हा मार्ग मोकळा झाला. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगाच सोपवला जातो. दोन वर्षे मूल सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला दत्तकासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. मूल घरी देण्याचा आदेश बालकल्याण समिती देते. परस्पर दिलेघेतलेले मूल बेकायदा ठरते, मग हेतू कितीही चांगला असो. एखादे मूल उघड्यावर किंवा धोक्यात दिसले, तर १०९८ वर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालतो.